ले मान्सची २४ तासांची रेस बघायला जाताय? मग कामं या क्रमाने करा

ओळखीतलं कोणी ना कोणी दर जूनमध्ये फ्रान्समधल्या ले मान्सला गाड्यांची २४ तासांची रेस बघायला जाऊन येतं आणि परत आल्यावर त्याच चुका सांगतं. राहायची जागा लांबच्या गावात मिळाली, रेसचं तिकीट होतं पण पार्किंगचं नव्हतं, रविवारी रात्रीचं विमान असल्यामुळे शेवट न बघताच पळावं लागलं. आणि सगळ्यात जीवाला लागणारी गोष्ट म्हणजे रात्री दोनला अंगातलं त्राण संपलं आणि पहाट, जी या रेसमधली सगळ्यात सुंदर वेळ आहे, ती तंबूत घोरण्यात गेली.

यातली एकही चूक पैसे कमी पडले म्हणून होत नाही, क्रम चुकतो म्हणून होते. विमान स्वस्त दिसलं की लोक आधी ते काढून टाकतात, मग रेसचं तिकीट, मग राहण्याचं बघू, आणि व्हिसा सगळ्यात शेवटी. खरा क्रम वेगळा आहे: आधी रेसचं तिकीट आणि राहण्याची जागा, मग व्हिसा, आणि पक्कं विमान शेवटी. म्हणून खाली एकेक टप्पा देतोय, मधे मधे थांबून तपासायच्या गोष्टीही आहेत, त्या गाळू नका.

१. आधी बरोबर रेस निवडा

हे वाचून विचित्र वाटेल पण चुकीच्या रेसचं तिकीट काढणारे लोक खरंच आहेत. त्याच ठिकाणी एप्रिलमध्ये मोटरसायकलींची २४ तासांची रेस होते, मे महिन्यात मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेतली रेस होते, शरद ऋतूत ट्रकची २४ तासांची रेस असते, आणि जुन्या गाड्यांची 'ले मान्स क्लासिक' जुलैच्या सुरुवातीला असते. तिकिटाच्या साइटवर यांची नावं जवळजवळ सारखी दिसतात, 'मोटो' हा शब्द नजरेतून सुटला की संपलं. मोटरसायकलवाल्या रेस ४.१८५ किलोमीटरच्या बुगाटी सर्किटवर होतात. आपल्याला हवी ती गाड्यांची रेस १३.६२६ किलोमीटरच्या मोठ्या ट्रॅकवर होते, ज्याचा बराचसा भाग एरवी साधा सार्वजनिक रस्ता असतो. ती जूनच्या मध्याला असते, शनिवारी दुपारी ४ ला सुरू होते आणि रविवारी दुपारी ४ ला संपते.

तपासा: तिकिटावर जून महिना, शनिवार-रविवारची तारीख आणि गाड्यांच्या रेसचं नाव, तिन्ही दिसतंय ना? मगच पैसे भरा.

२. तिकीट आणि झोपायची जागा, दोन्ही एकाच बैठकीत

तिकिटं रेसच्या आयोजक क्लबच्या, म्हणजे ऑटोमोबाइल क्लब द ल'वेस्तच्या अधिकृत साइटवर आदल्या वर्षीच विक्रीला येतात. नवीन वर्ष लागल्यावर बघू म्हणाल तर उरलंसुरलं मिळेल, तेही नशीब असेल तर. अलीकडच्या वर्षांत तीन लाखांच्या वर माणूस येतो तिथे, त्यामुळे गाफील राहून चालत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. साधं प्रवेशाचं तिकीट म्हणजे आत शिरायचा हक्क, ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवर उभं राहायचं नाहीतर गवतावर बसायचं. ग्रँडस्टँडची सीट त्यावर वेगळी, पार्किंग वेगळं, कॅम्पिंग वेगळं. एक घेतलं की दुसरं आपोआप मिळत नाही.

ग्रँडस्टँड घ्यावा का? माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा जात असाल तर पिटसमोरच्या, म्हणजे गाड्या इंधन आणि टायरसाठी थांबतात त्या जागेसमोरच्या स्टँडची एक सीट घ्या. २४ तास तिथे बसण्यासाठी नाही, तर सुरुवात, शेवट, पिट स्टॉप आणि पाऊस या चार गोष्टींसाठी. बसायला हक्काची जागा आहे म्हटल्यावर बाकीचा वेळ निवांत फिरता येतं, नाहीतर दोन तास आधी उंचवट्यावर चटई टाकून जागा राखत बसावं लागतं.

राहण्यासाठी तीन रस्ते आहेत. एक, सर्किटच्या आजूबाजूचं कॅम्पिंग: मेझाँ ब्लांश, हू, बोसेजूर, आर्नाज अशी कितीतरी मैदानं आहेत, प्रत्येकाचं अंतर वेगळं आणि आवाजही वेगळा. दोन, ले मान्स गावातलं हॉटेल, जे बहुतेक वेळा आदल्या वर्षीच्या रेसनंतर लगेच भरायला लागतं. तीन, ट्रेनने जोडलेलं दुसरं शहर, म्हणजे आन्जे किंवा तूर. तिसऱ्या रस्त्यात झोप चांगली होते पण रात्रीची रेस जवळजवळ हातची जाते, कारण रात्री उशिरा ट्रेन नसते. माझ्या मते शक्य असेल तर कॅम्पिंगच करा, कारण या रेसमध्ये पलंग दहा मिनिटांवर असणं हीच सगळ्यात मोठी चैन आहे.

कॅम्पिंगची जागा साधारण एका गाडीच्या हिशोबाने प्लॉट म्हणून विकली जाते, माणशी नाही, त्यामुळे चौघांनी मिळून एक घेतला तर भागतं. गाडी नसेल तर ज्या मैदानावर बुक करताय तिथे पायी आलेल्यांना घेतात का ते आधी वाचा.

सावधान: कोणीतरी ओळखीचा तिकीट देतोय, सोशल मीडियावर स्वस्तात आहे, असल्या भानगडीत पडू नका. माझ्या एका मित्राने अशीच दोन तिकिटं घेतली, गेटवर एक स्कॅन झालं आणि दुसरं आधीच वापरलेलं निघालं, बायको आत आणि तो बाहेर. शनिवारी दुपारी तीनला गेटबाहेर उभं राहून काही करता येत नाही.

३. व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) शॉर्ट-स्टे व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे जूनच्या रेससाठी डिसेंबरच्या मध्यापासून. नियमाने निर्णयाला १५ दिवस लागतात पण काही केसेसमध्ये ४५ पर्यंत जातात, आणि त्याआधी अपॉइंटमेंट मिळायला हवी. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीवाल्यांची झुंबड असते तेव्हा तोच तर खरा अडथळा होतो. फेब्रुवारी किंवा मार्चची अपॉइंटमेंट धरा आणि निवांत व्हा. मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, व्हिसा सेंटरची सर्व्हिस फी वर वेगळी.

कागदपत्रांत लोक जिथे अडकतात ते एवढंच:

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, शेंगेनमधून बाहेर पडल्यावर निदान तीन महिने चालायला हवा, आणि दोन पानं कोरी हवीत. ट्रॅव्हल इन्शुरन्सचं कव्हर किमान ३०,००० युरोचं आणि सगळ्या दिवसांचं, नुसतं रेसच्या वीकेंडचं नाही. राहण्याचा पुरावा रोजच्या रात्रीचा लागतो, मधली एकही रात्र मोकळी नको, आणि तुम्ही कॅम्पिंग करणार असाल तर त्या बुकिंगची प्रिंट लावा. रेसचं तिकीट लावा, कारण कशासाठी जाताय याचं त्याहून सरळ उत्तर दुसरं नाही.

आणि एक मोठी चूक. रेसचे चार दिवस फ्रान्स आणि पुढे सात दिवस स्वित्झर्लंड असा प्लॅन असेल तर अर्ज फ्रान्सकडे करायचा नाही, जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस समान असतील तर जिथे आधी उतरणार तो देश. रेस फ्रान्सला आहे म्हणून डोळे झाकून फ्रान्सकडे अर्ज करणारे लोक इथेच फसतात.

तपासा: विमानाचं तिकीट अजून पक्कं काढलेलं नाही ना? अर्जासाठी रिझर्व्हेशन लागतं, पण व्हिसा हातात येईपर्यंत ते कॅन्सल करता येईल असंच ठेवा.

४. तिथपर्यंत पोचायचं कसं

आधी एक बारीकशी पण कामाची गोष्ट, आपण 'ले मान्स' म्हणतो पण स्टेशनवरच्या घोषणेत ते 'ल मॉं' असं ऐकू येतं, शेवटचा स कोणी उच्चारत नाही. कान तयार ठेवा.

पॅरिसच्या मॉंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने साधारण तासाभरात ले मान्स येतं. पॅरिसच्या चार्ल्स द गोल विमानतळाच्या स्टेशनवरूनही काही थेट टीजीव्ही आहेत, त्यातली वेळ जुळली तर सोन्याहून पिवळं, सामान घेऊन पॅरिस ओलांडायला नको. मॉंपार्नासवरून जाणार असाल तर विमानतळ ते स्टेशन दीड तास धरा आणि स्टेशनात शिरल्यावरही अंतर धरा, कारण तिथला व्होजिरारकडचा हॉल मुख्य हॉलपासून बराच आत आहे, काही गाड्या तिथून सुटतात, आणि बॅग ओढत जायला दहा मिनिटं सहज जातात. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी गेट बंद होतं, पळत आलात म्हणून कोणी उघडत नाही.

विमान निदान गुरुवारी सकाळी उतरेल असं बघा. शुक्रवारी रात्री उतरून शनिवारी रेस बघणारे लोक रविवारी सकाळी बाकावर झोपलेले दिसतात.

ले मान्स स्टेशनबाहेरून ट्रामची टी-१ लाइन आंतारेसच्या दिशेने पकडा, शेवटच्या स्टॉपवर उतरून थोडं चाललं की सर्किट. गावात राहणाऱ्यांना याहून चांगला रस्ता नाही. रात्रीच्या शेवटच्या ट्रामची वेळ स्टॉपवर लावलेली असते, जातानाच तिचा फोटो काढून ठेवा.

भाड्याची गाडी घेणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट जवळ ठेवा, गाडी उजव्या बाजूने चालवायचीये हे लक्षात ठेवा, आणि पार्किंग पास आधीच काढा. ले मान्स आणि शेजारच्या म्युल्सान गावामधला सरळ रस्ता त्या आठवड्यात ट्रॅक झालेला असतो, म्हणजे बंद. फोनमधला नकाशा कधी कधी तिकडेच ढकलतो, अशा वेळी पार्किंगच्या रंगाचे बोर्ड बघत जा, नकाशा नाही.

५. बॅग

इथे फार लिहित नाही, नेहमीचं सामान तुम्हाला कळतं. फक्त ज्या गोष्टी लोक विसरतात त्या सांगतो.

कानात घालायचे फोमचे बोळे, माणशी दोन-तीन जोड्या, आणि लहान मूल असेल तर कानावरचे मोठे मफ. एक तास सहन होतं म्हणून लोक बोळे घालत नाहीत, पण इथे २४ तासांचा आवाज आहे आणि कानाला झालेली इजा भरून येत नाही. जाड जॅकेट घ्या. जून असला तरी पहाटे गारठा असतो, दुपारी टी-शर्टमध्ये आलेली माणसं रात्री तीनला कुडकुडत उभी असतात. रेनकोट घ्या, छत्री नको, छत्रीने मागच्याची रेस अडते. फ्रान्सचा गोल दोन पिनांचा प्लग, पॉवर बँक दोन, त्या हँडबॅगेतच ठेवायच्या कारण चेक-इनमध्ये चालत नाहीत. कॅम्पिंगचा गॅसचा डबा विमानात अजिबात नेता येत नाही, तिथेच विकत घ्या. तंबूही तिथेच घेतला तर सामान निम्मं होतं. आणि एक छोटा एफएम रेडिओ, कारण 'रेडिओ ले मान्स'वर चोवीस तास इंग्रजी कॉमेंट्री चालते आणि दुपारी चारला तीन लाख लोक एकदम फोन उघडतात तेव्हा नेट दम टाकतं, रेडिओ टाकत नाही.

तपासा: तिकिटं फोनमध्ये ऑफलाइन सेव्ह केलीत? आणि कागदावर प्रिंट? दोन्ही हवं.

६. शनिवारच्या आधीचे दिवस

बुधवारी आणि गुरुवारी सराव आणि क्वालिफायिंग (रेस कोण कितव्या जागेवरून सुरू करणार हे ठरवणाऱ्या फेऱ्या) असतं, गुरुवारी रात्रीचा सरावही असतो. गुरुवारचा पुरेपूर फायदा उठवा, कारण गर्दी कमी असते आणि फिरून जागा हेरता येतात. कुठल्या वळणावर कुंपण उंच आहे, कुठून स्क्रीन दिसतो, टॉयलेट कुठे, पाण्याचा नळ कुठे, हे सगळं गुरुवारी बघून ठेवलं की शनिवारी अंधारात चाचपडावं लागत नाही.

शुक्रवारी ट्रॅकवर गाड्या धावत नाहीत. दिवसा पिट लेन प्रेक्षकांसाठी उघडतात, गाड्या आणि मेकॅनिक अगदी समोर असतात, आणि दुपारनंतर गावात ड्रायव्हरांची परेड असते. दोन्ही दमवणारं आहे. एकच जमणार असेल तर पिट लेन करा आणि संध्याकाळी लवकर झोपा. किराणा शुक्रवारीच भरून टाका, कारण फ्रान्समध्ये रविवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात.

७. ते २४ तास

इथेच सगळं ठरतं, म्हणून सावकाश वाचा.

ही रेस सलग बघायची नसते. तीन वर्गांच्या साधारण ६२ गाड्या असतात, हायपरकार (सगळ्यात वेगवान), एलएमपी-२ (खास रेससाठी बनवलेल्या, त्याखालोखाल) आणि एलएमजीटी-३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या), प्रत्येक गाडीला तीन ड्रायव्हर. हायपरकारची एक फेरी साडेतीन मिनिटांच्या आसपास होते. सुरुवातीला सगळे घोळक्याने जातात, मग काही क्षण शांतता, आणि तासाभरात गाड्या ट्रॅकभर अशा पसरतात की समोरचा रस्ता जवळजवळ रिकामा राहतच नाही. कोण कितवं आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळणं तिथून पुढे अशक्य. प्रत्येक वर्गातली एक गाडी आपली म्हणून निवडा, तिचा नंबर हातावर लिहा, आणि तेवढीच पाळा. बाकीचं रेडिओ सांगेल.

माझं वेळापत्रक असं, दोनदा चुकून तिसऱ्यांदा बसलेलं:

दुपारी २ पर्यंत सीटवर किंवा ट्रॅकच्या डनलॉप नावाच्या चढावरच्या उंचवट्यावर. ४ ते ६ सुरुवात बघा. मग जेवा, आणि संध्याकाळी ७ ते ९ झोपा. हो, उजेडातच. तिथे सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे ही दोन तासांची झोप कोणाला पटत नाही, पण तीच पुढची रात्र वाचवते. पहिल्या वर्षी मी ती घेतली नव्हती. पहाटे 'पाच मिनिटं डोळे मिटतो' म्हणून आडवा झालो तो साडेनऊला उठलो, आणि माझी गाडी तोवर रेसमधून बाद झालेली होती.

रात्री १० ते १ फिरा. शटलने आर्नाज किंवा म्युल्सानच्या वळणावर जा, बोर्डावर शटलला 'नावेत' म्हणतात. आर्नाज हा ट्रॅकवरचा सगळ्यात संथ कोपरा आणि म्हणूनच बघायला सगळ्यात जवळचा. आधीच्या, इंडियानापोलिस नावाच्या वळणाकडून दोन दिवे झाडांमधून अंगावर येतात, ब्रेक दाबला की चाकांच्या आतल्या डिस्क निखाऱ्यासारख्या लालबुंद होतात, गाडी जवळजवळ थांबल्यासारखी वळते, आणि पुढच्या क्षणाला व्ही-८ कॅडिलॅकचा असा दणका येतो की कुंपणाला लावलेल्या हाताला कंप जाणवतो. त्यामागून अ‍ॅस्टन मार्टिनची व्ही-१२ व्हॅल्किरी आली तर आवाज एकदम उंच, चिरत जाणारा. ऐकून ओळखायला लागलात की अंधारातही कोण गेलं ते कळतं. मला तरी ही रेस खऱ्या अर्थाने तिथेच कळली.

सावधान: जाताना शटल मिळते, परतीची रांग मोठी असते. एकच्या आत परत फिरा, आणि शटलच्या थांब्यावर उतरल्या उतरल्या परतीच्या वेळा विचारून घ्या.

१:३० ते ५ झोपा, गजर दोन फोनवर लावा. ५:३० ला परत बाहेर. सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि तेव्हा तेर्त्र रूज या वळणाच्या उंचवट्यावर असाल असं बघा. रात्रभराची काजळी आणि किडे काचेवर घेऊन गाड्या तिथून सार्वजनिक रस्त्याकडे वळतात, दिवे अजून चालू असतात आणि मागून ऊन येतं.

पाऊस आला तर प्लॅन बदला. २०२४ ला पहाटेच्या पावसात चार तासांहून जास्त वेळ सेफ्टी कार, म्हणजे धोका असताना सगळ्यांना हळू चालवायला लावणारी पुढची गाडी, ट्रॅकवर होती, सगळी फौज तिच्या मागे हळूहळू. अशा वेळी भिजत उभं राहण्यात काही अर्थ नाही, सरळ झोपा आणि रेडिओ उशाशी ठेवा, रेस परत सुरू होताना कॉमेंटेटरचा आवाजच चढतो.

तपासा: सोबतच्या लोकांशी भेटायची जागा ठरलीये? आकाशपाळण्याखाली भेटू असं सगळेच म्हणतात आणि तिथे कोणालाच कोणी सापडत नाही. नंबर असलेलं गेट किंवा स्टँड ठरवा आणि ठरावीक वेळ, फोन लागला नाही तरी चालेल अशी.

८. शेवट आणि बाहेर पडणं

रविवारी दुपारी २ ला परत सीटवर. शेवटच्या तासात ट्रॅक सोडून फक्त पिट बघा, बऱ्याचदा निकाल तिथेच लागतो. एक पिट स्टॉप साधारण पाऊण तासाने येतो, तेव्हा कोणाचा एक बाकी आहे आणि कोणाचा दोन, एवढं धरलं तरी चित्र स्पष्ट होतं.

चार वाजले, झेंडा पडला की लोक कुंपणाकडे धावतात. थांबा. शेवटच्या गाड्या अजून आत येत असतात. मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे सुरक्षा कर्मचारी, स्वतः गेट उघडतात, मगच ट्रॅकवर पाऊल टाका, पोडियमखाली उभं राहायला भरपूर जागा मिळते. टायरच्या रबराचे काळे गोळे तिथे सगळीकडे पडलेले असतात, एखादा खिशात टाकायला हरकत नाही, बुटाला चिकटलेले मात्र तंबूत जाण्याआधी काढा, गरम रबर कापडावरून निघत नाही.

लगेच निघू नका. पार्किंगमधून गाडी हलायला दोन-तीन तास लागू शकतात, ट्रामलाही तेवढीच गर्दी. सात-साडेसातपर्यंत सावलीत बसा, पाणी प्या, मग हला. आणि गाडी चालवणारा जो असेल त्याने आधी तासभर झोपायचंच, त्यात वाद नको, रात्रभर जागलेल्या माणसाने दोनशे किलोमीटर पॅरिसला गाडी नेणं हा या सगळ्या सहलीतला सगळ्यात मोठा धोका आहे.

ट्रेन आणि विमान, दोन्ही सोमवारचं काढा. कॅम्पिंगवाल्यांनी सोमवारी जागा किती वाजेपर्यंत रिकामी करायची ते बुकिंगच्या कागदावर बघून ठेवा, आणि तंबू भरण्याआधी तो उन्हात पालथा घाला, दवाने खालून ओला असतो.